इंग्लंडच्या फेन प्रदेशातील बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदी कशा शोधाव्यात आणि कशा वाचाव्यात

इंग्लंडच्या पूर्व भागात, वॉश नावाच्या उथळ उपसागराच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला, केंब्रिजशर, लिंकनशर, नॉरफोक आणि जुने हंटिंगडनशर या काउंट्यांमध्ये पसरलेला सपाट, पाणथळ प्रदेश ‘फेन्स’ म्हणून ओळखला जातो. येथील खेड्यांतील चर्चनी जवळजवळ पाच शतके बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवल्या आणि त्यांतील बऱ्याच आज संगणकावर घरबसल्या पाहता येतात. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले मराठी कुटुंब, आपल्या वंशात एखादा इंग्रज पूर्वज असल्याचे ठाऊक असलेला वाचक, किंवा लोकसंख्येच्या इतिहासाचा विद्यार्थी अशा कोणालाही या नोंदींपर्यंत पोहोचणे आता अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते त्यांचा अर्थ लावणे.

आरंभीच एक गोष्ट पक्की करून घ्यावी. बाप्तिस्म्याची नोंदवही ही जन्मनोंद नव्हे आणि जनगणनाही नव्हे. एका विशिष्ट चर्चमध्ये, एका विशिष्ट दिवशी, एका पाद्र्याने एक विधी केला, एवढेच ती सांगते. ज्यांनी हा विधी केला नाही, दुसरीकडे केला किंवा उशिरा केला, ती माणसे गावात असूनही वहीत सापडत नाहीत. फेन प्रदेशात अशी माणसे पुष्कळ होती, आणि म्हणून तेथे नोंद न सापडण्याचा अर्थ लावणे हे नोंद वाचण्याइतकेच महत्त्वाचे काम ठरते.

आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहिलेल्या वाचकाला येथे एक फरक लगेच जाणवेल. उपाध्यायांची वही घराण्याप्रमाणे लावलेली असते, त्यामुळे मूळ गाव आणि आडनाव सांगितले की पिढ्या एकत्र समोर येतात. इंग्लिश पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या अधिकारातील गावाची किंवा परिसराची, वही मात्र केवळ तारखेप्रमाणे चालते. एका आईबापाची सात मुले पंधरा वर्षांच्या पानांत विखुरलेली असतात आणि त्यांचे कुटुंब जुळवण्याचे काम वाचणाऱ्यालाच करावे लागते.

पहिली पायरी : अलीकडच्या कागदांपासून मागे जाणे

थेट सतराव्या शतकात उडी घेऊ नये. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, मृत्यू व विवाह यांची सरकारी नोंदणी सुरू झाली, आणि जनरल रजिस्टर ऑफिसच्या संकेतस्थळावरील जन्मसूचीत अगदी आरंभापासून आईचे माहेरचे आडनावही शोधता येते. दर दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनांपैकी १८५१ पासूनच्या जनगणनांत प्रत्येक व्यक्तीचे जन्मस्थान पॅरिशच्या नावासह लिहिलेले असते. १८४१ च्या जनगणनेत मात्र ती व्यक्ती त्याच काउंटीत जन्मली की नाही एवढेच कळते. म्हणून शोधाचा आरंभ १८५१ किंवा त्यानंतरच्या एखाद्या जनगणनेपासून करावा, व्यक्तीचे अंदाजे जन्मवर्ष आणि पॅरिश निश्चित करावे आणि मगच चर्चच्या वहीकडे वळावे. शक्य असेल तर एकाच व्यक्तीच्या तीन-चार जनगणना ताडून पाहाव्यात, कारण एका जनगणनेत जन्मस्थान म्हणून चर्चचे गाव, तर दुसरीत जवळच्या वस्तीचे नाव सांगितल्याची उदाहरणे नेहमी आढळतात.

१८३७ नंतरचे जन्म असले तरी बाप्तिस्म्याच्या वह्या निरुपयोगी ठरत नाहीत. जन्म नोंदवण्याची जबाबदारी आईवडिलांवर काटेकोरपणे टाकणारा कायदा १८७४ चा आहे. त्यापूर्वीच्या दशकांत काही मुलांची सरकारी नोंद झालीच नाही, आणि त्यांच्याबाबतीत चर्चची वही हाच एकमेव पुरावा उरतो.

दुसरी पायरी : नेमकी पॅरिश ओळखणे

फेन प्रदेशात नवखा अभ्यासक सर्वांत जास्त वेळ घालवतो तो येथे, आणि याचे कारण भूगोलात आहे. पाणी काढून टाकण्यापूर्वी येथील वस्ती दलदलीतून थोड्या वर आलेल्या मातीच्या बेटांवर होती. ईली, मार्च, चॅटरिस, व्हिटलसी ही अशीच बेटे होत. १६३० च्या दशकात बेडफर्डचे अर्ल आणि त्यांचे भांडवल गुंतवणारे सहकारी यांनी डच अभियंता कॉर्नेलियस वर्मायडेन याच्या देखरेखीखाली मोठे कालवे खणवून घेण्यास सुरुवात केली. ओल्ड बेडफर्ड रिव्हर १६३७ मध्ये आणि तिला समांतर जाणारी न्यू बेडफर्ड रिव्हर १६५१ मध्ये पूर्ण झाली. पाणी ओसरलेल्या जमिनीवर हळूहळू शेतघरे आणि मजुरांच्या झोपड्या उभ्या राहिल्या, पण चर्च राहिले जुन्या बेटावरच. एकाच पॅरिशमधील कुटुंब चर्चपासून काही मैल दूर, कालव्याच्या बांधावर राहत असे, आणि त्याला दुसऱ्याच पॅरिशचे चर्च अधिक जवळ असे. हिवाळ्यात वाटा पाण्याखाली गेल्या की ते अंतर आणखी वाढे.

याला जोड मिळते ती उपचर्चांची. मार्च हे आज मोठे गाव असले तरी त्याचे सेंट वेंड्रेडा चर्च शतकानुशतके डॉडिंग्टनच्या विस्तीर्ण पॅरिशचे उपचर्च होते, आणि ती पॅरिश कायद्याने विभागली गेली ती एकोणिसाव्या शतकात. मनीआ हे गाव असेच बराच काळ कव्हनी पॅरिशच्या अधिकारात होते. अशा वेळी उपचर्चची वही आणि मुख्य चर्चची वही या दोन्ही पाहाव्या लागतात. व्हिटलसीमध्ये सेंट मेरी आणि सेंट अँड्र्यू अशी दोन पॅरिश चर्च आहेत, म्हणून एकीत न सापडलेले मूल दुसरीत पाहिल्याशिवाय शोध संपला असे समजू नये. अपवेल आणि आउटवेल ही गावे तर केंब्रिजशर आणि नॉरफोक यांच्या सीमेवर दोन्हीकडे पसरलेली आहेत.

काही जमिनी कोणत्याच पॅरिशमध्ये नव्हत्या. वेल्चेस डॅम आणि ग्रंटी फेन ही अशा पॅरिशबाह्य क्षेत्रांची उदाहरणे आहेत. तेथील लोक सोयीच्या चर्चमध्ये जात, त्यामुळे जनगणनेत असे जन्मस्थान दिसल्यास भोवतालच्या सर्व पॅरिशची यादी करून एकेक तपासणे हाच मार्ग उरतो.

यासाठी एक साधे काम सुरुवातीलाच करावे. एकोणिसाव्या शतकातील मोठ्या प्रमाणाचा नकाशा घेऊन कुटुंबाची वस्ती शोधावी, तिच्याभोवती चालत जाण्याइतक्या अंतरावरची सर्व चर्चे आणि प्रार्थनामंदिरे लिहून काढावीत आणि मधल्या नद्या व कालवे ओलांडायला पूल कोठे होता तेही पाहावे. नकाशावर जवळ दिसणारे चर्च पूल नसल्यास प्रत्यक्षात दूर असते. संगणकीय शोधात आणखी एक अडचण येते. मार्च हे गावाचे नाव महिन्याच्या नावासारखेच असल्याने त्या शब्दाने केलेला शोध भलतीच पाने समोर आणतो, म्हणून तेथे चर्चच्या नावाने किंवा काउंटीच्या यादीतून पुढे जावे.

तिसरी पायरी : वह्या आज कोठे आहेत

१९७८ च्या चर्चविषयक नियमानुसार शंभर वर्षांहून जुन्या वह्या सर्वसाधारणपणे बिशपच्या क्षेत्रासाठी नेमलेल्या अभिलेखागारात जमा केलेल्या असतात. ईली बेटाच्या परिसरासाठी ईली शहरातील केंब्रिजशर अभिलेखागार, लिंकनशरच्या फेन गावांसाठी लिंकन येथील अभिलेखागार, नॉरफोकसाठी नॉरिच येथील रेकॉर्ड ऑफिस आणि जुन्या हंटिंगडनशरसाठी हंटिंगडन येथील अभिलेखागार ही मुख्य ठिकाणे आहेत. प्रशासकीय सीमा वारंवार बदलल्या आहेत, हे ध्यानात ठेवावे. ईली बेट १८८९ ते १९६५ या काळात स्वतंत्र प्रशासकीय काउंटी होते आणि हंटिंगडनशर १९७४ मध्ये केंब्रिजशरमध्ये आले, त्यामुळे जुन्या सूचीतील पत्ता आणि आजचा पत्ता जुळेलच असे नाही.

घरबसल्या पाहण्यासाठी फॅमिलीसर्च हे विनामूल्य संकेतस्थळ आणि स्वयंसेवकांनी वह्या वाचून तयार केलेली फ्रीरेग ही सूची यांपासून सुरुवात करावी. वर्गणी घेणारी संकेतस्थळेही आहेत, पण कोणत्या गावाच्या कोणत्या वर्षांच्या नोंदी कोठे आहेत हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते, म्हणून पैसे भरण्यापूर्वी त्या गावाची वर्षे तेथे खरोखर आहेत का हे तपासावे. सूची ही केवळ वाटाड्या आहे. सूचीत नाव सापडले की मूळ पानाचे छायाचित्र पाहिल्याशिवाय ते ग्राह्य धरू नये, कारण सूची करणाऱ्याने समासातील टीप, अनौरस असल्याचा उल्लेख किंवा खाडाखोड बहुधा घेतलेली नसते.

चौथी पायरी : वहीचा काळ ओळखणे

या वह्यांचे स्वरूप राजाज्ञा आणि कायद्यांप्रमाणे बदलत गेले. कोणत्या काळची वही आहे हे कळले की तिच्यात काय मिळेल आणि काय मिळणार नाही याचा अंदाज आधीच बांधता येतो.

आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने सप्टेंबर १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवावी असा आदेश काढला. आरंभीच्या नोंदी बहुधा सुट्या कागदांवर किंवा कागदी वह्यांत होत्या. १५९८ मध्ये त्या चर्मपत्राच्या वहीत उतरवून घेण्याचा आणि विशेषतः एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनच्या, म्हणजे १५५८ पासूनच्या नोंदी जपण्याचा नियम लागू झाला. अनेक गावांच्या वह्या १५३८ ऐवजी १५५८ पासून सुरू होतात त्याचे कारण हेच. अशा वहीत पहिल्या चाळीस वर्षांचे हस्ताक्षर एकसारखे दिसत असेल, तर ती मूळ नोंद नसून नंतर केलेली नक्कल आहे असे समजावे आणि नकलेत होणाऱ्या चुकांची शक्यता गृहीत धरावी.

त्याच १५९८ च्या नियमाने दरवर्षी वहीची एक प्रत बिशपकडे पाठवणे बंधनकारक झाले. या ‘बिशपकडील नकला’ म्हणजे अभ्यासकाच्या हाती असलेली दुसरी साक्ष होय. मूळ वही ओलीने, उंदरांनी किंवा हलगर्जीपणाने नष्ट झाली असेल तेथे त्या कामी येतातच, परंतु मूळ वही सुस्थितीत असतानाही दोन्ही ताडून पाहाव्यात, कारण पाद्र्याने प्रत करताना कधी एखादे नाव गाळलेले, तर कधी वहीत नसलेला तपशील भरलेला आढळतो. ईलीच्या बिशपचे जुने दप्तर केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. हंटिंगडनशर १८३७ पर्यंत लिंकनच्या बिशपच्या अधिकारात होते, हेही अशा वेळी विसरून चालत नाही.

यादवी युद्ध आणि त्यानंतरचे प्रजासत्ताक, म्हणजे ढोबळमानाने १६४२ ते १६६० हा काळ, बहुतेक वह्यांत विस्कळीत आहे. १६५३ च्या कायद्याने वही पाद्र्याच्या हातून काढून गावकऱ्यांनी निवडलेल्या नोंदणीकाराकडे दिली आणि बाप्तिस्म्याऐवजी जन्मतारीख लिहिण्यास सांगितले. त्यामुळे या सात-आठ वर्षांत काही वह्यांत पूर्णपणे कोरी पाने दिसतात, तर काहींत उलट नेमकी जन्मतारीख मिळण्याचा दुर्मीळ लाभ होतो.

पुढे कर आले. १६९५ पासून सुमारे दहा वर्षे जन्म, विवाह आणि दफन यांवर कर होता. १७८३ पासून १७९४ पर्यंत प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा मुद्रांक कर होता आणि निर्धनांना त्यातून सूट होती. म्हणून या अकरा वर्षांत नावापुढे निर्धन असल्याचा शेरा किंवा त्याचे आद्याक्षर वारंवार दिसते. कर सुरू होण्याच्या आधी काही ठिकाणी बाप्तिस्म्यांची गर्दी झाली आणि नंतर काहींनी विधी लांबणीवर टाकला. या काळातील ‘निर्धन’ या शेऱ्यावरून कुटुंबाच्या आर्थिक स्थितीविषयी फार मोठा निष्कर्ष मात्र काढू नये. दयाळू पाद्री कर वाचवण्यासाठीही तो शेरा मारत असेल, ही शक्यता उरतेच.

१ जानेवारी १८१३ पासून रोझच्या कायद्यानुसार छापील वही आली. तिच्या प्रत्येक पानावर आठ नोंदी असतात आणि बाप्तिस्म्याची तारीख, मुलाचे नाव, आईवडिलांची नावे, आडनाव, राहण्याचे ठिकाण, वडिलांचा व्यवसाय आणि विधी करणाऱ्याचे नाव असे रकाने असतात. नवशिक्याने वाचनाचा सराव याच वह्यांवर करावा आणि मग मागे सरकावे. फेन गावांत व्यवसायाच्या रकान्यात ‘लेबरर’, म्हणजे मजूर, हा शब्द पानामागून पान दिसतो. तो कंटाळवाणा वाटला तरी नजर राहण्याच्या ठिकाणाच्या रकान्यावर ठेवावी, कारण तेथे पाद्र्याने गावाच्या नावाऐवजी एखाद्या फेनचे, बांधाचे किंवा शेतवाटेचे नाव लिहिले असेल तर एकाच नावाची दोन कुटुंबे वेगळी करण्याचा तो सर्वांत चांगला आधार ठरतो.

पाचवी पायरी : अक्षर, भाषा आणि तारखा

१८१३ पूर्वीची नोंद एका ओळीची असते, उदाहरणार्थ ‘विल्यम, जॉन व मेरी यांचा मुलगा’ आणि पुढे आडनाव. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात तर आईचे नावही पुष्कळदा नसते. तिचे माहेरचे आडनाव सहसा मिळत नाही, मात्र नॉरफोकच्या अनेक वह्यांत अठराव्या शतकाच्या अखेरीस ते दिलेले असते.

सोळाव्या-सतराव्या शतकातील ‘सेक्रेटरी’ वळणाचे अक्षर वाचण्यासाठी त्याच पाद्र्याच्या हातची ओळखीची नावे आधी शोधावीत, त्यांतून त्याच्या प्रत्येक अक्षराचे वळण वेगळे काढून ठेवावे आणि मग अडलेल्या शब्दाकडे यावे. ओळीच्या आरंभी दोन छोटे एफ दिसले तर तो एक मोठा एफ समजावा. ख्रिस्तोफर हे नाव ग्रीक पद्धतीने, म्हणजे एक्स आणि पी यांसारख्या दिसणाऱ्या अक्षरांनी सुरू होऊ शकते. लॅटिन वह्यांत शब्दसंपदा मोजकीच असते. फिलियुस म्हणजे मुलगा, फिलिया म्हणजे मुलगी, गेमेल्ली म्हणजे जुळी, एओडेम दिए म्हणजे त्याच दिवशी. गुलिएल्मुस हा विल्यम असतो, याकोबुस हा जेम्स आणि कारोलुस हा चार्ल्स. १७३३ पासून न्यायालयीन कागदपत्रांतून लॅटिन कायद्याने हटले आणि त्या सुमारास पॅरिशच्या वह्यांतूनही ते जवळजवळ नाहीसे झाले.

तारखांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. १७५१ पर्यंत इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. वहीत डिसेंबर १७२० नंतर जानेवारी १७२०, फेब्रुवारी १७२० असे महिने येतात आणि २५ मार्चपासून १७२१ लागते. समजा एका जोडप्याचा विवाह जून १७२० मध्ये आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२० मध्ये नोंदलेला आहे. आजच्या सवयीने वाचल्यास मूल विवाहापूर्वीचे वाटते, प्रत्यक्षात ते विवाहानंतर आठ महिन्यांनी आलेले असते. म्हणून १ जानेवारी ते २४ मार्च या काळातील तारीख उतरवताना ‘१७२०/२१’ असे जोडवर्ष लिहावे. सप्टेंबर १७५२ मध्ये २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली, त्यामुळे मधल्या अकरा दिवसांच्या नोंदी शोधण्यात अर्थ नाही.

सहावी पायरी : नोंदीतील शब्दांमागची परिस्थिती

चर्चच्या प्रार्थनाग्रंथाच्या १६६२ च्या आवृत्तीनुसार मुलाचा बाप्तिस्मा जन्मानंतरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या रविवारापलीकडे लांबवू नये अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात हे अंतर अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत वाढत गेले. एकाच दिवशी एकाच आईबापाच्या तीन-चार मुलांचा बाप्तिस्मा झालेला दिसला, तर ती जुळी-तिळी नसून वेगवेगळ्या वयांची भावंडे असण्याचीच शक्यता जास्त. नवा उत्साही पाद्री आला, कुटुंब चर्चजवळ राहायला आले किंवा एखाद्या मुलाचे आजारपण ओढवले, अशी कारणे त्यामागे असू शकतात. वय कळण्यासाठी जनगणना किंवा दफननोंद पाहावी आणि वंशवृक्षात ‘जन्म’ या शब्दाखाली बाप्तिस्म्याची तारीख कधीही लिहू नये.

‘खासगी बाप्तिस्मा’ असा शेरा असल्यास मूल अशक्त असल्याने घरीच घाईने विधी उरकला गेला, असे बहुधा समजावे. मूल वाचले तर पुढे त्याला चर्चमध्ये आणून ‘स्वीकारले’ जाई आणि त्याची वेगळी नोंद होई. त्यामुळे एकाच मुलाच्या दोन तारखा दिसू शकतात. फेन प्रदेशात बालमृत्यू फार होते. दलदलीतील हिवताप येथे शतकानुशतके घर करून होता, आणि १८६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी वैद्यकीय पाहणीत विस्बीचसारख्या शेतीप्रधान भागातील बालमृत्यू कारखान्यांच्या शहरांच्या तोडीचे असल्याचे दाखवले गेले. स्त्रियांना टोळ्यांमध्ये दूरच्या शेतांवर मजुरीला जावे लागणे आणि तान्ह्या मुलांना शांत ठेवण्यासाठी अफूचे औषध पाजणे या गोष्टींकडे त्या पाहणीने बोट दाखवले होते. अभ्यासकासाठी याचा व्यावहारिक अर्थ असा की प्रत्येक बाप्तिस्मा सापडल्यानंतर पुढील काही वर्षांची दफनवही वाचलीच पाहिजे. वारलेल्या मुलाचेच नाव पुढच्या भावंडाला देण्याची पद्धत होती. पहिल्या विल्यमला पूर्वज मानून सगळी शाखा रचली आणि तो सहा महिन्यांचा असतानाच वारला होता असे नंतर कळले, तर केलेले सगळे काम मोडावे लागते.

अनौरस मुलांसाठी वहीत ‘बेस-बॉर्न’, ‘बास्टर्ड’ किंवा लॅटिनमध्ये फिलियुस पोपुली, म्हणजे शब्दशः ‘लोकांचा मुलगा’, असे उल्लेख असतात. वडिलांचा पत्ता वहीत नसेल तर पॅरिशच्या गरीब-मदतीचे दप्तर पाहावे. मुलाचा खर्च गावावर पडू नये म्हणून अधिकारी आईची जबानी घेत आणि बापाकडून हमीपत्र लिहून घेत. मुलाच्या नावात मधले नाव म्हणून एखादे आडनाव आले असेल तर ते बापाचे असू शकते, पण तेवढ्यावर विसंबू नये.

लिहिणारा पाद्रीही तटस्थ कारकून नव्हता. मे १८१६ मध्ये लिटलपोर्टमध्ये महागाई आणि बेकारीने त्रासलेल्या मजुरांनी दंगल केली तेव्हा तेथील पाद्री जॉन व्हाशेल यांचे घर लुटले गेले. ते दंडाधिकारीही होते. दंगलीनंतर ईली येथे पाच जणांना फाशी झाली. ज्या गावात पाद्री आणि मजूर यांच्यात असे अंतर होते, तेथे नावांचे स्पेलिंग, शेरे आणि गाळलेल्या नोंदी यांकडे जरा संशयाने पाहणेच योग्य.

सातवी पायरी : नोंद सापडत नाही तेव्हा

पहिली शक्यता स्पेलिंगची असते. बहुसंख्य आईवडिलांना लिहितावाचता येत नसे, पाद्री कानावर पडेल तसे लिही. आडनाव मोठ्याने उच्चारून ते किती प्रकारे लिहिता येईल याची यादी करावी आणि सूचीत ती सर्व रूपे शोधावीत.

दुसरी आणि फेनसाठी अधिक महत्त्वाची शक्यता म्हणजे कुटुंब चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या पंथाचे असणे. हंटिंगडनशरमधील फेनस्टँटन आणि वॉरबॉइज येथे सतराव्या शतकापासून बॅप्टिस्ट मंडळ्या होत्या. बॅप्टिस्ट लोक लहान मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत, मोठेपणी श्रद्धा जाहीर केल्यावरच करतात. क्वेकर तर बाप्तिस्मा मानतच नाहीत. या दोन्ही पंथांनी जन्मनोंदी मात्र ठेवल्या. मेथडिस्ट बाल-बाप्तिस्मा करत आणि एकोणिसाव्या शतकात फेनच्या वस्त्यांमध्ये त्यांची प्रार्थनामंदिरे मोठ्या संख्येने उभी राहिली. सरकारी नोंदणी सुरू झाल्यानंतर अशा पंथांच्या पुष्कळ वह्या सरकारजमा झाल्या आणि त्या आज लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आरजी ४ आणि क्वेकरांच्या आरजी ६ या मालिकांत आहेत. पॅरिशच्या वहीत एखाद्या प्रौढ व्यक्तीचा बाप्तिस्मा दिसला तर ती बॅप्टिस्ट किंवा क्वेकर घरात वाढलेली असण्याचा तो एक धागा असू शकतो.

थॉर्नी या फेन गावाचे उदाहरण येथे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. पाणी काढलेल्या जमिनीवर बेडफर्डच्या अर्लांनी फ्रेंच भाषक वालून (आजच्या बेल्जियमच्या भागातील) आणि ह्यूगनो (फ्रान्समधील प्रोटेस्टंट) कुटुंबे वसवली. त्यांतील काही आधी उत्तरेला हॅटफील्ड चेसमधील सँडटॉफ्ट येथे वर्मायडेनच्याच कामाच्या निमित्ताने आलेली होती. त्यांची स्वतंत्र फ्रेंच मंडळी थॉर्नीच्या ॲबीत भरे आणि तिची फ्रेंच भाषेतील बाप्तिस्म्याची नोंदवही १६५४ ते १७२७ या काळाची आहे. शेजारच्या इंग्लिश पॅरिशमध्ये शोधून थकलेल्या अभ्यासकाला आपले कुटुंब या वहीत सापडू शकते. फ्रेंच पद्धतीच्या नोंदींत साक्षीदारांची नावे असतात आणि ते बहुधा नातलग असल्यामुळे एका ओळीत दोन-तीन घराणी जोडली जातात. ले प्ला यांसारखी आडनावे इंग्लिश वहीत उतरताना एकशब्दी होतात किंवा पूर्ण बदलतात, म्हणून येथे स्पेलिंगची यादी आणखी लांब करावी लागते.

याउलट, डनबारच्या लढाईत पकडलेले स्कॉट युद्धकैदी आणि नंतर डच युद्धकैदी यांना १६५० च्या दशकाच्या सुरुवातीला कालवे खणण्याच्या कामाला लावले होते, यावरून प्रत्येक फेन कुटुंबाला स्कॉट किंवा डच पूर्वज जोडण्याचा मोह काहींना होतो. वहीत पुरावा नसेल तर तो मोह आवरावा.

आठवी पायरी : टिपणे ठेवण्याची पद्धत

नोंद उतरवताना मूळ स्पेलिंग, संक्षेप आणि समासातील शेरे जसेच्या तसे घ्यावेत. आपला अर्थ किंवा तर्क वेगळ्या रकान्यात लिहावा. प्रत्येक टिपणासोबत अभिलेखागाराचे नाव, वहीचा क्रमांक, पान आणि आपण मूळ पान पाहिले की सूची, हे नोंदवावे. ज्या वर्षांत शोधून काही मिळाले नाही ती वर्षेही लिहून ठेवावीत, एरवी तीच पाने पुन्हा चाळली जातात. एका व्यक्तीसाठी शोध सुरू केला असला तरी त्या आडनावाच्या त्या पॅरिशमधील सर्व नोंदी, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन अशा तिन्ही, उतरवून घ्याव्यात आणि मग आईवडिलांच्या नावांवरून कुटुंबे मांडावीत. जॉन आणि मेरी ही नावे इतकी सामान्य आहेत की दोन जोडप्यांची मुले एकत्र होणे सहज शक्य असते. दोन भावंडांच्या बाप्तिस्म्यांत सात-आठ महिन्यांपेक्षा कमी अंतर आले की लगेच थांबून पाहावे, कारण तेथे एकतर दोन जोडपी मिसळली आहेत किंवा एक बाप्तिस्मा उशिराचा आहे.

कुटुंबे अशी जुळवण्याच्या पद्धतीचा इंग्लंडमध्ये मोठा विकास केंब्रिजमध्येच झाला. लोकसंख्येच्या इतिहासासाठी पीटर लास्लेट आणि टोनी रिगली यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या गटाने स्वयंसेवकांच्या मदतीने ४०४ पॅरिशमधील मासिक आकडे जमा करून देशाच्या लोकसंख्येचा अंदाज मांडला. बाप्तिस्म्यांची संख्या म्हणजे जन्मांची संख्या नव्हे, ही त्यांचीही पहिली अडचण होती आणि त्यासाठी त्यांना आकड्यांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. केवळ आपल्या गावापुरते आकडे मोजणाऱ्यानेही तेवढी काळजी घ्यावी.

मुंबई इलाख्यातून फेनकडे जाणारी वाट

महाराष्ट्रातील वाचकाचा शोध पुष्कळदा उलट दिशेने सुरू होतो. पुणे, खडकी, कुलाबा किंवा अहमदनगर येथील छावणीतल्या चर्चमध्ये एखाद्या मुलाचा बाप्तिस्मा झाला आणि बाप ब्रिटिश पलटणीतला होता, एवढेच हाती असते. मुंबई इलाख्यातील चर्चनी पाठवलेल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात एन/३ या मालिकेत आहेत, आणि ब्रिटिश भारतातील कुटुंबांच्या शोधासाठी काम करणाऱ्या फिबिस या संस्थेच्या विनामूल्य सूचीतून त्यांचा मागोवा घेता येतो. त्या नोंदीत बापाचा हुद्दा आणि पलटण मिळते, इंग्लंडमधील गाव मिळत नाही. बाप राजाच्या किंवा राणीच्या सैन्यातला असेल, तर क्यू येथील डब्ल्यूओ ९७ या मालिकेत त्याची सैन्यातून मुक्ततेची कागदपत्रे शोधावीत. त्यांत जन्माची पॅरिश आणि जवळचे शहर लिहिलेले असते. हे नाव भरती करणाऱ्या कारकुनाने ऐकून लिहिलेले असल्यामुळे चॅटरिस किंवा विस्बीच ही नावे ओळखू येणार नाहीत अशा रूपातही आढळू शकतात. शिवाय ‘जवळचे शहर’ ईली किंवा विस्बीच दिलेले असले तरी शिपाई त्याच शहरातला असेल असे नाही. अशा वेळी त्या शहराभोवतालच्या पॅरिशची यादी पुन्हा नकाशावरून तयार करून, भरतीच्या वेळच्या वयावरून निघणाऱ्या जन्मवर्षाच्या आधीची दोन आणि नंतरची पाच वर्षे त्या सर्व वह्यांत तपासावीत.